तारखेचा पासवर्ड

टेबलाच्या खणात आज बटणाएवढा जुना सेल सापडला आणि कळमनुरीत मी ऑपरेटर होते ते वसतिगृहाचं ऑफिस आठवलं. तिथल्या कॉम्प्युटरमधला हा सेल उतरल्यामुळं लाइट गेली की त्याची तारीख मागं जायची, म्हणून ती बदलायची मुभा सगळ्यांनाच होती. प्रवेशाची मुदत संपल्यावर हेडक्लार्कनी तारीख मागं करून साडूच्या पोरीला अर्ज मुदतीत आल्याची पोच दिली. मी ती रद्द केली, सेल बदलला आणि तारखेला फक्त माझा पासवर्ड ठेवला. दुसऱ्याच दिवशी वडील माझ्या बहिणीचा अर्ज घेऊन आले. “दोन दिवसाचा तर सवाल हाय, काहून अडवून राहिली?” मी पोच त्याच दिवसाच्या तारखेची काढली. बहिणीला खोली मिळाली नाही. वर्षभर ती आमच्या गावाहून, सिद्धेश्वरहून, एसटीनं ये-जा करत राहिली. आजही मी पोच तशीच काढीन. फक्त मुदत संपायच्या आधी घरी एक फोन करीन.