कच्चा मोतीबिंदू

"आज बुढीनं काय पाडलं?" असं विचारतच बाबा शेतातून घरात शिरायचे. आणि रोज काहीतरी पडलेलंच असायचं. दारात ठेवलेली बादली, चुलीशेजारचा चहा, नाहीतर पाटावर निवडून ठेवलेले तांदूळ. एकदा तर अंगणात झोपलेला कुत्राच तुडवला तिनं. तो केकाटत गल्लीच्या टोकापर्यंत पळाला आणि आमची आजी त्याच्यामागं ओरडली, "साऱ्या गावात झोपायले जागा नाई का रे तुले? माह्या पायाखालीच येते मेला!"

चूक तिची कधी नसायचीच. बादली आईनं नको तिथं ठेवलेली असायची, चौकट सुतारानं अरुंद केलेली असायची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरापासून जवळच आमचं गाव आहे, सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. रोवण्याच्या दिवसांत आजी दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालता चालता सरळ चिखलात जाऊन बसली. रोवणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. आजी उठायचं नावच घेईना. चिखलात बसल्या बसल्या म्हणते, "हसून काय राह्यल्या वं? धान बराबर लावून राह्यल्या का नाई, थे जवळून पाहून राह्यली मी."

आता हे सांगताना मला हसू येत नाही, राग येतो. कोणाचा ते विचारू नका. पाळीपाळीनं सगळ्यांचाच येतो.

सगळ्यात गाजला तो रोटीचा किस्सा. लंबी रोटी आजीसारखी आमच्या गावात कोणाला जमत नव्हती. चुलीवर मडकं पालथं घालायचं, पातळ कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवत लांबवायची आणि तापल्या मडक्यावर पसरायची. आत्याचे यजमान जेवायला आले होते. गरम रोटी पाहिजे म्हणून जावईबापू चुलीजवळच, आजीच्या डाव्या अंगाला पाट घेऊन बसले. आजी कणीक लांबवून वळली, तिचा हात त्यांच्या खांद्याला लागला आणि अख्खी रोटी त्यांच्या नव्या पॅन्टवर पसरली. सासू आणि जावई, बाप्पा! आजीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "कच्ची हाय जावईबापू. घरी जाऊन भाजून घ्या." जावईबापू हसले तेव्हा कुठं आमचा जीव भांड्यात पडला. तो किस्सा पुढं प्रत्येक लग्नात सांगितला गेला, आणि आजी दर वेळी त्यात थोडा मीठमसाला टाकायची.

तिच्या डोळ्यांचा संशय कोणाला यावा कसा? सुई ती स्वतः ओवायची. समोर बसलं की कानातले बदललेले तिला आधी कळायचे. माझं लग्न होऊन मी चंद्रपूरला वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले, तिथून महिन्या-दोन महिन्यांनी गावाला यायचे, तर दारातच म्हणायची, "वाळून गेली वं पोरी, वीज खाऊन राहतेस का तिथी?"

बुद्धपौर्णिमेच्या आधी घराला चुना मारायला काढला तेव्हा मी माहेरीच होते. बुद्धाचा फोटो खाली उतरवून खाटेवर ठेवला होता. सकाळी पाहते तर आजी उघड्या भिंतीसमोर मेणबत्ती लावून, हात जोडून वंदना म्हणत उभी. मी हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. बाबा म्हणाले, "बुढे, फोटो तं खाटेवर हाय!"

"असन," आजी म्हणाली. "बुद्ध का फोटूत बसला हाय?"

बाबा पोट धरून हसले. मीही हसले. आई मात्र हसता हसता थांबली. तिनं आजीच्या तोंडासमोरून हात फिरवला आणि म्हणाली, "इले दिसत नाई."

मग घरातच निदान झालं. मोतीबिंदू. समोरच्या घरातल्या मावशींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या वर्षीच झालं होतं, त्यामुळे गावात त्यांचा शब्द डॉक्टरच्या वर. त्या म्हणाल्या, "माहा बी असाच होता. पिकल्याबिगर डाक्तर हात नाई लावत. पिकू द्या." हे आमच्या घराला लगेच पटलं. धान करणारी माणसं आम्ही. कच्चं कापायचं नाही, हे आम्हाला कोणी शिकवावं लागतं का? एकदा चंद्रपूरला दाखवून येऊ, असं मी म्हटलं, तर आजीच माझ्यावर डाफरली, "कच्चं धान कोन कापते वं? रोवणं होऊ दे, कापणी होऊ दे. तवर पिकतेच."

तेवढ्यात तिनं तयारीही करून टाकली. मूलच्या बाजारातून ऑपरेशननंतर घालायचा काळा चष्मा आणवला. रुमालात गुंडाळून पेटीत ठेवला. मधूनमधून काढून घालून पाहायची आणि घरभर फिरायची. एकदा तो घालून चौकटीवर धाडकन आदळली. आई ओरडली, तर म्हणते, "सवय करून राह्यली. मंग वेळेवर गडबड नाई होत."

कापणी झाली, चुरणी-मळणी झाली. धान घरात आल्यावर बाबा तिला घेऊन माझ्याकडे आले. नवं पांढरं लुगडं नेसून, चष्मा हातात धरून आजी दवाखान्याच्या बाकावर बसली. आत डॉक्टरबाईंनी तिला मशीनसमोर बसवलं. "आजी, बाजूला लाइट दिसतो का?"

"कोनता लाइट वं बाई? लावला तं दिसन."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. आजीला बाहेर बसवून त्यांनी बाबांना आणि मला आत बोलावलं. म्हणाल्या, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. यात पिकायचं काही नसतं. दुखत नाही, कळत नाही, नजर कडेकडेनं जात राहते, समोरचं शेवटी जातं. गेलेली परत येत नाही. एका डोळ्यात अगदी थोडी उरली आहे, ती थेंबांनी राहिली तर राहील.

कडेकडेनं. बादली कडेला होती. कुत्रा कडेला होता. जावईबापू डाव्या अंगाला बसले होते. इतकी वर्षं ती अर्ध्या घरात आंधळी फिरत होती, आणि आमची करमणूक होत होती. मला त्या खोलीत मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण बाहेर ती बसली होती, आणि तिचे कान फार तिखट.

बाबांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. "सांगू नको तिले," ते म्हणाले. "मरून जाईन थे."

मग मीच बाहेर येऊन सांगितलं. "आजी, अजून कच्चा हाय. हे थेंब पिकवायचे हायेत."

"पाहा," आजी बाबांना म्हणाली, "मी म्हनत नव्हती? उगाच घाई केली."

थेंब सुरू झाले. सकाळ-संध्याकाळ आई टाकायची, आजी मान वर करून शहाण्या पोरासारखी बसायची. मी गेले की पहिला प्रश्न, "पाह्य वं, पिकला का?" मी तिच्या डोळ्यात वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "नाई आजी, अजून कच्चा." दुसरं काय म्हणणार होते मी? उरलेलं थोडंसंही जातच राहिलं. आता घरात काही सांडत नव्हतं. ती खाटेवरून उठतच नव्हती. आई कधी मुद्दाम वाटी आपटायची आणि म्हणायची, "पाहा, आज मी पाडलं!" आजी तोंडदेखलं हसायची.

परवा गेले तर तिनं काही विचारलं नाही. पेटी जवळ ओढायला लावली. चाचपून रुमाल काढला, त्यातला चष्मा मांडीवर ठेवला.

"समोरच्या बाईचा दुसरा डोळा पिकला म्हंते," आजी म्हणाली. "तिचा चष्मा नातवानं तोडला. हा तिले देऊन ये."

"अन् तुले नाई लागणार का?" मी विचारलं.

"पोरी, इतक्या दिसात तं गोटा बी पिकला असता."

हे बोलून ती हसली. नेहमीसारखी, खांदे हलवत. मी तिच्या पायाशी बसले होते, आणि ती दाराकडे पाहून हसत होती.