ट्रॅक्टरचा सोमवार

आमचा ट्रॅक्टर सोमवारी चालत नाही. यंत्रात बिघाड काही नाही. त्याचा वार पाळावा लागतो, एवढंच.

बाहेरचे लोक हसतात, म्हणून सांगून टाकते. आमच्या गावात सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, म्हणून नंदीला सुट्टी. (ही सवलत सुनांनाही आहे का, हे लग्न ठरवताना विचारायचं राहून गेलं.)

आमचा मळा दोन एकरांचा, रेवसच्या वाटेवर, अगदी खाडीला लागून. मधे फक्त खारं पाणी अडवणारा मातीचा बांध. भात काढलं की आम्ही पांढरा कांदा लावतो. कडेला वांगी, मुळा आणि दुधीचा मांडव. भाजीच्या टोपल्या लाँचने भाऊच्या धक्क्याला जातात. नांगरायला शेजारचे राघोभाऊ आपली बैलजोडी घेऊन यायचे. आमचे हे शाळामास्तर. त्यांचा शेतीशी संबंध सल्ला देण्यापुरता.

तेव्हा गावात विजेचे खांब आले होते, वीज यायची होती. अशा काळात मुंबईला कारखान्यात असलेल्या मधुभावोजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, पाच वर्षं पोटाला चिमटा काढून एक जपानी हातट्रॅक्टर घेतला. त्यावर बसायची सोय नाही. दोन चाकं, पुढे इंजिन, मागे दोन लांब दांडे. ते धरून माणसानं मागून चालायचं. रविवारी भावोजींबरोबर तो मचव्यातून रेवसला उतरला आणि तिथून घरी आला तो राघोभाऊंच्या बैलगाडीतून. (त्यातूनच मी काही शिकायला हवं होतं.)

गाडी उतरवून झाल्यावर राघोभाऊंनी सरळ विचारलं, "मंग वैनी, ठरल्यापरमानं मंगळवारी बैल आनू ना?"

अंगणात पंधरा-वीस माणसं जमलेली. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "आता बैल कशाला, राघोभाऊ? याला ना वैरण, ना सोमवार! उद्याच नांगरून टाकतो."

राघोभाऊंनी फक्त बैलांच्या पाठीवर हात फिरवला, जणू त्यांना ऐकू गेलं असावं.

बोलून बसले, मग करून दाखवणं आलं. रविवारी संध्याकाळीच मी वाफ्यातली कांद्याची सगळी रोपं उपटून जुड्या बांधल्या आणि लावणीच्या बायकांना बुधवारऐवजी मंगळवारचं सांगून आले. उपटलेलं रोप दोन दिवस तग धरतं, तिसऱ्या दिवशी मान टाकतं. भावोजींनी ह्यांना अर्धा तास यंत्र शिकवलं आणि रविवारच्याच लाँचने ते परत गेले.

सोमवारी ह्यांनी पोटदुखीची रजा टाकली. धोतर खोचून उभे राहिले. सकाळभर दोरी ओढली. यंत्र खोकलं, थुंकलं आणि शेवटी सुरू झालं! पहिली ओळ सरळ गेली. पाच मिनिटं मी गावातली सर्वांत शहाणी बाई होते.

मग ओळ संपली.

वळायचं कसं, हे भावोजींनी दाखवलं होतं. पण ते दाखवत असताना हे त्यांना शाळेच्या छपराचा अर्ज कुठे अडला आहे ते सांगत होते. ट्रॅक्टर सरळ गेला. वांग्यांतून गेला. ह्यांनी लहानपणापासून शेतात बैल थांबवायची एकच हाक ऐकलेली, ती त्यांनी दिली, "हो! हो! हो!"

ट्रॅक्टर जपानी. तो कशाला थांबतोय!

"अहो, बंद करा तो!" मी ओरडले.

"कसा?"

"मला काय विचारता? शिकलात ना?"

"सुरू करायला शिकलो!"

दुधीचा मांडव आला. खांब पडले, वेल इंजिनावर चढले आणि दोन दुधी पुढे लोंबकळायला लागले. वरातीतल्या घोड्यासारखा सजून तो बांधाकडे निघाला. मागे हे.

"दांडे सोडा!"

"सोडले तर जाईल ना तो!"

"धरूनही जातोच आहे की!"

बांधावर कोळणींची खाजणात, म्हणजे खाडीच्या दलदलीत, उतरायची पायवाट आहे. एवढ्या लांब बांधात तेवढी एकच जागा, आणि ती त्याला बरोबर सापडली. पायवाटेनं वर चढून तो पलीकडे उतरला, तिवरांच्या झाडीपुढे गुडघाभर गाळात रुतला, आणि तिथे मात्र आपण होऊन बंद पडला. हे दांडे धरून तसेच उभे. (पोटदुखीची रजा घेतलेल्या माणसाच्या तोंडावरचे भाव पहिल्यांदाच रजेशी जुळत होते.)

राघोभाऊ बांधावर आले. मागोमाग त्यांचे दोन्ही बैल, सुट्टी असल्यामुळे मोकळेच. राघोभाऊंनी खाडीकडे पाहिलं आणि बोटांवर तिथी मोजली.

"आज तृतीया. दोन वाजता भरती भरंल. त्याच्याआधी तासभर पानी हितं येतं."

बारा वाजत आले होते. खारं पाणी एकदा इंजिनात शिरलं की भावोजींची पाच वर्षं तिवरांत बुडाली.

"राघोभाऊ," मी आवाज शक्य तेवढा बारीक केला, "बैल लावता का?"

"सोमवार हाय, वैनी."

"नांगर नाही धरायचा. नुसतं ओढायचं."

"मान त्यांचीच ना लागनार?"

"महादेव समजून घेईल हो!"

"महादेव घेईल. बैल घेनार न्हायत. त्यांना काल तुमी सांगितलंच हाय, कशाला म्हून."

मी खाली गाळात उतरलेली, वर बांधावर बैल रवंथ करत माझ्याकडे बघत होते. मग राघोभाऊंनी डोक्याचं फडकं कमरेला बांधलं आणि ते खाली उतरले.

"बैलाला सोमवार हाय. मला न्हाय. दोर आना."

दोर आला. राघोभाऊंची बायको आली, हाकेसरशी आणखी चारपाच माणसं आली. राघोभाऊ दांड्यांशी राहिले, कारण यंत्र असो की नांगर, मागून धरायची अक्कल तिथे त्यांनाच होती. बाकीचे दोराला. ह्यांचा पाय दर पावलाला घसरत होता, म्हणून सगळ्यांत पुढे मी. लुगड्याचा काचा मारला आणि दोर खांद्यावर घेतला.

तीनदा ओढलं, हललं नाही. प्रत्येकजण आपापल्या वेळेला जोर लावत होता. मागे पाण्याची चमकती रेघ तिवरांच्या मुळांशी आली होती. तेव्हा राघोभाऊंनी सवयीनं मागून लांब हाक घातली, "हाSSS चल रं राजा! चल माज्या वाघा!"

आणि सांगायला लाज वाटते, त्या हाकेला माझ्या अंगात जोर आला! मी मान खाली घातली आणि ओढलं. ट्रॅक्टर चपकन सुटला. पायवाट चढलो, बांध ओलांडला, पडलेला मांडव तुडवत मी ओढतच होते, कारण थांबायचं भान कोणाला होतं?

"हो! हो!" मागून राघोभाऊ ओरडले.

मी जागच्या जागी थांबले.

ह्यांनी घसा फोडून जी हाक ट्रॅक्टरला ऐकवली होती, ती अख्ख्या गावादेखत मी एका झटक्यात मानली. बांधावर बैलांची रवंथ थांबली होती. बहुतेक कौतुकानं.

मंगळवारी उजाडताच राघोभाऊ न बोलावता बैल घेऊन आले आणि त्यांनी सगळं नांगरून दिलं. लावणीच्या बायकांना मी परत बुधवार सांगितला. जुड्यांची मुळं ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवली होती. रोपांनी मान टाकता टाकता धरली. ट्रॅक्टरही पुढे मधुभावोजींनी येऊन दोन्ही गोष्टी, चालू आणि बंद, शिकवल्यावर नीट चालू लागला. फक्त सोमवारी मी त्याच्यावर गोणपाट टाकते. एकदा वाराला नावं ठेवून पाहिलं, तेवढं पुरे.

तेव्हापासून सोमवारी राघोभाऊंचे बैल बसतात, आमचा ट्रॅक्टर बसतो, आणि हे तर कुठलाही वार असो, बसलेलेच असतात. मी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन बांधाजवळून जाते, तेव्हा राघोभाऊ हाक मारून विचारतात, "वैनी, आज सोमवार ना?"

मी "व्हय" म्हणते आणि चालत राहते. "हो" म्हणायची सोय नाही. तो शब्द तोंडातून निघाला, की माझे पाय अजून थांबतात.