काकूंनी ऐकलेला लेफ्ट

त्या बेटावर माझ्या बाजूनं एकच माणूस बोललं. आमच्या सायकल ग्रुपच्या कॅप्टनची आई, नागपूरच्या काकू. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं बाकीच्यांबद्दल लिहायचंय आणि त्यांच्याबद्दल माझ्या हातून काही चांगलं लिहून होईल असं वाटत नाही. रागाच्या भरात काकू मागं राहून जायच्या. तसं नको व्हायला.

आमचा ग्रुप न्यू जर्सीतला. सगळे मराठी, पुण्या-मुंबईचे, नागपूरचे, सगळे कॉम्प्युटरवाले. रविवारी सकाळी घट्ट कपडे घालून सायकली चालवायच्या आणि मग ओक ट्री रोडवर डोसा खायचा. कॅप्टन ऑफिसात माझ्या नवऱ्याचा मॅनेजर. त्यामुळं ग्रुपमध्ये जायचं की नाही हा प्रश्नच आमच्या घरात कधी आला नाही.

मी नववीत शाळा सोडली. आई गेली, पाठचे दोन भाऊ लहान, चूल माझ्याकडं आली. नवरा माझ्या मामाचाच मुलगा. लग्न ठरलं तेव्हा तो कराडला डिप्लोमा करत होता, अमेरिका कुणाच्या डोक्यातही नव्हती. इथं आल्यावर मात्र जिथं जाईन तिथं माझ्याआधी माझी नववी पोचलेली असायची. कॅप्टनची बायको दुसऱ्यांना सांगायची, "अगं, तिच्याशी मराठीतच बोला हां, बिचारी कॉन्शस होते." मी शेजारीच उभी असायचे.

पण सायकल मला येत होती. वडिलांच्या दुधाच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून, अर्धे अर्धे पायडल मारत शिकलेली. या लोकांत मला येणारी आणि त्यांनाही येणारी तेवढी एकच गोष्ट, म्हणून मी ती धरून ठेवली. मार्चमध्ये कॅरिबियनमधल्या बेटावर जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी बेटाच्या पूर्वेच्या टोकापर्यंत राइड होती, चढच चढ. थंडीभर बेसमेंटमध्ये स्टँडला लावलेली सायकल मारून माझ्या मांड्या दगड झाल्या होत्या. मला ते टोक गाठायचं होतं. इतकंच. कुणाच्या पुढं जायचं नव्हतं, व्हॅनमध्ये बसून जायचं नव्हतं.

ग्रुपमध्ये चालवताना ओरडून सांगायची एक भाषा असते. मागून गाडी आली की "कार बॅक". खड्डा असला की "होल". आणि मागचा पुढं जाणार असला की "ऑन युअर लेफ्ट", म्हणजे मी तुझ्या डावीकडून येतोय. सुरुवातीला मी घोटाळा करायचे. मला वाटायचं, मलाच डावीकडं व्हायला सांगतायत. मग मी कॅप्टनला विचारलं तर तो हसला. "सिंपल आहे, वहिनी. जी बाजू ऐकाल तिच्या उलट सरकायचं. डोकं लावायचंच नाही." मी ते पाठ केलं. पोळ्या लाटताना म्हणायचे, लेफ्ट ऐकलं की उजवीकडं, राइट ऐकलं की डावीकडं.

बेट अमेरिकेचंच. डॉलर तोच, टपालपेटी तीच, झेंडा तोच. पण रस्त्यावर गाड्या डावीकडून चालतात. पहिल्या संध्याकाळी कॅप्टननं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "इंडियासारखं लेफ्टला ठेवायचं. ओव्हरटेक उजवीकडून. म्हणून कॉलपण उलटा, ऑन युअर राइट. क्लिअर?" सगळे "येस कॅप्टन" म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघून परत विचारलं, "वहिनी, क्लिअर?" सगळे हसले. माझा नवराही हसला.

जागा मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हॉटेलसमोर समुद्रानं तपकिरी शेवाळाचे ढीग आणून टाकले होते आणि ते उन्हात कुजत होते. सडक्या अंड्यासारखा वास खोलीत, टॉवेलात, चहात. किनाऱ्यावर काही झाडांना लाल पट्टे मारलेले, खाली पाटी. ती वाचून नवरा म्हणाला, "या झाडाखाली पावसात उभी राहू नकोस, अंगावर फोड येतात. आणि ती फळं तर हातातही घेऊ नकोस." हिरवी, छान गोल फळं, बोराची जरा मोठी बहीण असावी तशी. पूर्वेकडून वारा सतत तोंडावर. रस्त्याला कडच नाही, डांबर संपलं की थेट काटे, त्यातून बकऱ्या मध्येच उड्या मारून यायच्या.

काकूंना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून आणलं होतं. आमच्या मागून सामानाची व्हॅन यायची, बेटावरचाच एक म्हातारा ती चालवायचा, त्याच्या शेजारी काकू. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर चिवड्याचा डबा. व्हॅनमधून उतरून समुद्र बघायला त्यांना कुणी वेळ देत नव्हतं, कारण व्हॅनला सगळ्यात मागच्या सायकलच्या मागं राहायचं असायचं. सगळ्यात मागची मी. त्यामुळं दिवसभर मी आणि काकू, एक काच सोडली तर बरोबरच होतो. पाणी प्यायला थांबले की त्या खिडकीतून चिवडा द्यायच्या.

"कुठवर जायचं आहे बाप्पा तुम्हाले?" त्यांनी विचारलं होतं.

"टोकापर्यंत, काकू. परवा. पुढं रस्ताच नाही, नुसता समुद्र."

"रस्ता संपते तिथं?" त्या म्हणाल्या. "मले दाखव बरं ते. आमच्या नागपुरात कोणताच रस्ता संपत नाही."

दुसऱ्या दिवशी ते झालं. एका लांब चढावर मी नेहमीसारखी मागं. कॅप्टन पाणी घ्यायला व्हॅनपाशी थांबला होता आणि आता परत पुढं निघाला होता. मी डाव्या कडेनं. मागून त्याचा आवाज आला, जोरात, रोजच्यासारखा: "ऑन युअर लेफ्ट!"

मी डोकं लावलं नाही. लेफ्ट ऐकलं, उजवीकडं सरकले.

तो उजवीकडूनच येत होता.

माझं हँडल त्याच्या मांडीत गेलं. दोघं पडलो. माझे तळहात आणि गुडघा सोलला. त्याचा खांदा रस्त्यावर आपटला आणि त्याच्या काळ्या, हलक्या, लाडक्या सायकलच्या पुढच्या चाकाला असा आउट आला की ते परत फिरेना. मागं व्हॅन करकचून थांबली. पुढचे वळून आले.

"मी ऑन युअर राइट म्हणालो!" कॅप्टन बसल्या बसल्या ओरडला. "ऑन युअर राइट, क्लिअरली! आणि ही सरळ माझ्या अंगावर!"

"तुम्ही लेफ्ट म्हणालात," मी म्हणाले.

"वहिनी, प्लीज."

"लेफ्ट म्हणालात."

त्याची बायको रुमालानं त्याचा खांदा पुसत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "अगं, चूक झाली तर झाली. पण निदान खोटं नको ना. तुझं लेफ्ट-राइट आधीपासूनच कन्फ्यूज होतं, सगळ्यांना माहितीय."

सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं होतं ना एकदा. जो विचारतो त्याला येत नाही, असा त्यांचा हिशेब. मी नवऱ्याकडं बघितलं. तो चाकाशी खाली बसून स्पोक चाचपत होता, जणू चाकच काहीतरी बोलणार होतं. माझ्या हातातून रक्त येतंय हे व्हॅनच्या म्हाताऱ्यानं बघितलं आणि बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी संपेपर्यंत तो मान हलवत राहिला.

कॅप्टननं तिथंच जाहीर केलं. उरलेली राइड वहिनी व्हॅनमध्ये. टोकाला जाणारा रस्ता अरुंद आहे, रिस्क नको. आणि त्याची सायकल गेली, तर माझी तो घेईल, सीट वर करून. मला कुणी विचारलं नाही. मी दार उघडून मागच्या सीटवर बसले. काकू पुढं, पाठमोऱ्या. डबा मांडीवर तसाच बंद.

खोलीत नवरा म्हणाला, "रात्री जेवताना एकदा सॉरी म्हण ना यार. संपव. लेफ्ट-राइटमध्ये गोंधळ झाला म्हण, लोक हसतील, विसरतील."

"तू ऐकलं नाहीस, तो काय ओरडला?"

"मी पुढं होतो. आणि ऐकलं असतं तरी काय? सोमवारी मला त्याच्याच टीममध्ये बसायचंय."

म्हणजे मला विश्वास ठेवायला सांगत नव्हता, वाकायला सांगत होता. एक सॉरी, आणि आयुष्यभरासाठी मी ती, जिला डावं-उजवं कळत नाही. शाळा सोडली तेव्हा हेडमास्तरांनीसुद्धा मला असं काही म्हटलं नव्हतं.

जेवायला हॉटेलच्या ओट्यावर बसलो. वास होताच. मासे आले, भात आला. कॅप्टनचा हात गळ्यात अडकवलेला. सगळे माझी वाट बघत होते, ते कळत होतं, कारण कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं. नवऱ्यानं टेबलाखालून पाय दाबला. मी घसा साफ केला. खरंच म्हणणार होते. तोंडात शब्द आला होता.

"थांब गं पोरी," काकू म्हणाल्या.

भात चिवडता चिवडताच म्हणाल्या, मुलाकडं वळून. "तू लेफ्ट म्हणाला."

"आई, तुला हे कळत नाही. हे सायकलिंगचे कॉल्स आहेत."

"तुझे कॉल मले नाही कळत. लेफ्ट कळते. माझी खिडकी उघडी होती. तू माझ्या कानाशी ओरडला, लेफ्ट."

"आई, तू मध्ये पडू नकोस. प्लीज."

"अरे, तुझे बाबा शाळेत ड्रिल मास्तर होते. आमचं क्वार्टर मैदानाला लागून. तीस वर्षं सकाळचा चहा मी लेफ्ट राइट लेफ्टवर केला. पोरांचा कोणता पाय चुकला ते मी चुलीपासून सांगत होते. आणि मले लेफ्ट ऐकू येणार नाही?" मग आवाज खाली घेऊन, फक्त त्याला: "काऊन खोटं बोलतो रे?"

कुणी हसलं नाही. ग्रुपमधला एक जण बर्फाचा ग्लास हलवत राहिला. कॅप्टनच्या बायकोनं खुर्ची मागं सरकवली. "आई, तुम्ही दमलात. चला, खोलीत सोडते." काकू उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवायला थांबल्या नाहीत, वळूनही बघितलं नाही. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. ताट अर्धं टाकून सुनेच्या पुढं चालत गेल्या.

कॅप्टन भाताकडं बघत म्हणाला, "हॅबिटनं निघालं असेल. पण तरी वहिनींनी मागं बघायला हवं होतं." सॉरी मला कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. खोलीकडं जाताना नवरा म्हणाला, "झालं समाधान? आता त्याच्या आईलाच उभं केलंस मध्ये." मी उभं केलं नव्हतं. पण भांडायला तोंड उघडलं असतं तर बंद झालं नसतं, म्हणून भराभर पुढं चालत गेले.

सकाळी माझी सायकल भिंतीला टेकून होती, सीट माझ्याच उंचीवर. कुणी जा म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. मी बसले आणि निघाले. कॅप्टन हात गळ्यात अडकवून व्हॅनमध्ये, माझ्या मागं, सगळा रस्ता. माझ्याशी कुणी बोललं नाही. पुढं खड्डा आला तरी कुणी "होल" ओरडलं नाही. मला तो चाकाखाली आल्यावरच कळायचा. वारा तोंडावर, चढ संपेना. चढावर मागच्या इंजिनाची घरघर ऐकू आली की पाठीचा कणा ताठ व्हायचा. थांबले असते तर व्हॅनचं दार उघडंच होतं. थांबले नाही.

टोकाला एक दगडी बांधकाम आहे, आणि पुढं खरोखरच रस्ता नाही. निवडुंग, खाली कडा, मग पाणी. बाकीचे फोटो काढून झाले होते. मी पोचले तेव्हा फोटोसाठी कुणी बोलावलं नाही. व्हॅन थांबली. मी दाराशी गेले, काकूंना हात द्यायला. आत कॅप्टन आणि म्हातारा ड्रायव्हर, दोघंच.

"आईला आराम करायला ठेवलंय," कॅप्टन म्हणाला. "फार ऊन होतं."

ऊन रोजच होतं.

परत आल्यावर मला ग्रुपमधून काढलं. मेसेज आला नाही, फोनवर ग्रुपच दिसेना. नवऱ्याचं ऑफिस चालू आहे, त्याला काही झालं नाही. एवढी भीती कशाची होती ते तो आता सांगू शकत नाही, आणि अजून चिडतो. काकू उन्हाळाभर राहणार होत्या. एप्रिल संपायच्या आधीच त्यांना विमानात बसवलं, हे मला डोसेवाल्याकडं कळलं. लेकाच्या घरी सुनेच्या हातचा चहा घेत इथले उरलेले दिवस त्यांनी कसे काढले असतील, ते मला कल्पनेनंच कळतं. माझ्यासारख्या परक्या बाईसाठी बोलायची त्यांना काय गरज होती?

मी आता गाडी चालवायला शिकतेय. लेखी परीक्षेत एकदा नापास झाले, परत बसणार आहे. लायसन्स आलं की बेटावर चालवायचं डावीकडून, ते मला जड जाणार नाही. काकू, तुमचे गुडघे चालतायत तोवर मी तुम्हाला त्या टोकावर घेऊन जाणार आहे. पुढच्या सीटवर, खिडकी उघडी. जिथं म्हणाल तिथं थांबेन, हवा तितका वेळ. कसं जमवायचं ते मला आज माहीत नाही, पण रस्ता संपतो तिथं तुम्हाला उभं करीन, हे मी फेडल्याशिवाय राहणार नाही.