मागाचा आवाज

माळा आवरताना जुने स्पीकर हाती लागले आणि डिलाईल रोडवरची मित्राची खोली आठवली. नोकरी सांभाळून तो हौसेने एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहायचा. पडद्यावर कापड विणून दाखवणारं, कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं असं. त्याचे वडील गिरणीत विणकर होते, संपानंतर ते मागावर पुन्हा उभे राहिलेच नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून त्याने भिवंडीला जाऊन मागांचा खडखडाट रेकॉर्ड करून आणला, सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि एका रविवारी दुपारी त्यांना समोर बसवलं. पडद्यावर ताण्यातून आडवा धागा ओढत धोटा धावू लागला. वडील टक लावून बघत राहिले, मग म्हणाले, "झ्याक झालंय. पण आवाज नाय रे याला." त्या घरात सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे त्यांचे कान एवढे गेलेत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मित्र याच स्पीकरचा आवाज वाढवत गेला. खडखडाट ऐकून चाळीतली म्हातारी माणसं एकेक करून दारात येऊन उभी राहिली, कुणी पदर डोळ्यांना लावला, आणि वडील त्यांना कौतुकाने सांगत होते, "बघा, कसा गप विणतोय!" आता वडील नाहीत, मित्रही नाही. त्याच्या सॉफ्टवेअरचं पान मात्र इंटरनेटवर अजून आहे. आज ते उघडलं, तर खाली कुणा अनोळखी माणसाने विचारलंय, 'हा आवाज बंद कसा करायचा?'