मँगनीजची बंडी

बालाघाट जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं वाया गेली असतील, त्यांत आमच्या भाऊजींएवढं मन लावून कोणी वाया गेलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उकव्याच्या मँगनीज खाणीत जन्मभर स्टोअरकीपर होते, म्हणजे दुसऱ्यांनी वापरायच्या पान्या-पहारींवर डोळा ठेवून बसायचे. रिटायर होऊन त्यांनी बालाघाटात आमच्या शेजारी घर बांधलं, तेव्हा मला वाटलं, आता तरी हा माणूस ताईकडे बघेल. ताईचे दोन्ही गुडघे गेलेले. अंगानं ती चांगली भरलेली, खाटेवरून उठवायला दोन बाया लागायच्या, आणि दोन वर्षांत ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली नव्हती. गोंदियाच्या डॉक्टरनं एकच सांगितलं होतं, वजन कमी करा. नेमकं त्याच सुमारास, चौऱ्याऐंशी साली, आपला एक माणूस अंतराळात जाऊन आला आणि भाऊजींना वजन अजिबात नाहीसं करायचं वेड लागलं. ताईचं नाही हो, स्वतःचं.

वाचनालयातल्या एका हिंदी मासिकात त्यांनी वाचलं की अंतराळवीर आधी जमिनीवरच तयार होतात. पंचविशीतल्या पोरानं हे वाचलं असतं तर मी कौतुक केलं असतं. ह्यांचे वरचे चार दात पडलेले, आणि निघाले आभाळात. मासिकात लिहिलं होतं की डोकं खाली आणि पाय वर ठेवून माणसाला दिवसचे दिवस झोपवतात. झालं, खाटेच्या पायथ्याशी चार-चार विटा लागल्या. तोंड सुजून पपईसारखं झालं, तरी कोणी भेटायला आलं की तसंच उलटं पडून त्याची खुशाली विचारायचे. पुढे वाचलं की विमान वरून सूर मारतं तेव्हा आतली माणसं अर्धा मिनिट तरंगतात. आता विमान कुठून आणणार? मग बैहरच्या बसचं तिकीट काढून मागच्या चाकावरच्या बाकावर बसू लागले. घाटात खड्डा आला, अंग बाकावरून सुटलं, की तेवढ्यात तोंडात फल्लीदाणा, म्हणजे शेंगदाणा, टाकायचा, हा अभ्यास. एकदा कंडक्टरनं भर बाजारात मला थांबवलं. म्हणे, "बाई, तुमचे भाऊजी मांगच्या सीटवर उडून उडून फल्लीदाने खाऊन राह्यले. उनको बोलो, किसी दिन गले में अटक जाएगा." मी पदर तोंडावर घेऊन घरी आले.

पण खरा तमाशा हौदाचा. अंतराळवीर म्हणे मोठ्या हौदात उतरून काम शिकतात. अंगाला असं तोलून वजन बांधतात की माणूस बुडतही नाही आणि वरही येत नाही. भाऊजींनी परसात गळाभर खोल हौद बांधून घेतला, सगळा जमिनीच्या वर, जोत्यावर, चढायला विटांच्या पायऱ्या. आणि माझ्याकडून एक बंडी शिवून घेतली, पुढंमागं नुसते खिसेच खिसे. त्यांत उकव्याहून आणलेले मँगनीजचे काळे दगड. दिसायला पेरूएवढे, उचलायला गेलं तर वरवंटा. डोक्याला खाणीतलं हेल्मेट. असं ध्यान पाण्यात शिरायचं आणि भिंतीत बसवलेला नट पान्यानं फिरवू बघायचं. पहिल्या दिवशी मी काठाशी उभी होते. नट जागच्या जागी, भाऊजीच गोल फिरून राहिलेले. वर येऊन धापा टाकत मलाच शिकवतात, "छोटीबाई, अंगाले वजन नसलं का जोर लागत नाही. कोनीतरी पाय धरून ठेवा लागते." मी म्हटलं, तुमच्या घरात एक बाई आहे, तिचे पाय धरा आधी.

ताईला ते ऐकू गेलं असावं. संध्याकाळी भाऊजी तिच्या खाटेशी बसून दगडांचा हिशेब सांगत होते, तशी ती शांतपणे म्हणाली, "तुमचं वजन गेलं काय न राह्यलं काय, जगाले काय फरक पडते? माझं काढता येते का पाहा." भाऊजी तसेच उठून परसात हौदाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी बायांनी ताईला पायऱ्यांवरून हौदात सोडलं. पाय टेकायच्या ऐवजी वरच आले, लुगडं फुग्यासारखं फुगलं, आणि ताईनं भाऊजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी म्हटलं, पुरे झालं, काढा तिला बाहेर. पण भाऊजींनी ती बंडी तिच्या अंगात घातली. एक दगड टाकायचा, मागं सरून बघायचं, दुसरा टाकायचा. डॉक्टर म्हणे वजन कमी करा, आणि ह्या माणसानं पाच किलो वाढवलं. मग नाक दाबून स्वतः तळाशी गेले आणि तिचे दोन्ही पाय धरून फरशीवर टेकवले. वर नुसते बुडबुडे. श्वास घ्यायला वर आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा वर आले ते गेलेच नाहीत, हात पाण्याबाहेर धरून उभे राहिले. ताईला कोणीच धरलं नव्हतं.

गळाभर पाण्यात ती उभी होती. कंपाउंडच्या भिंतीवरून तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "तुह्या आंगनातला शेवगा काहून तोडला?"

तो तोडून वर्ष होऊन गेलं होतं.

पुढची दोन वर्षं, थंडी सोडली तर, रोज दुपारी ती त्या हौदात आठ पावलं जायची, आठ यायची. रोज आधी भाऊजी बुडायचे, पाय टेकवायचे, आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर यायचे. बाहेर मात्र ती शेवटपर्यंत उभी राहिली नाही, आणि मीही भाऊजींना टोचायचं सोडलं नाही. मग एका थंडीत छातीत कफ होऊन ते चार दिवसांत गेले. उन्हाळ्यात मी ताईला म्हटलं, चल, मी उतरवते. ती म्हणाली, "पाय कोन धरंल?" आणि कुशीवर वळली.

आता तीही नाही. बंडी माझ्याकडे आहे. गुडघे माझेही बोलू लागलेत, म्हणून एकदा दार लावून अंगात घालून पाहिली. कोरड्यात ते नुसतंच ओझं.

शेवगा मात्र मी, तिनं हौदातून विचारलं त्याच वर्षी, पुन्हा लावला होता. भिंतीच्या वर चांगला माणूसभर गेलाय. हौदातून सहज दिसेल.