गुळाने तोललेली पोर

नव्वद सालाच्या आसपास मी चोपड्याजवळच्या एका खेड्यात नर्सबाई होते. दर महिन्याला लहान पोरं तोलायची आणि तक्त्यावर टिंब टाकायचं. टिंब वर गेलं तर ठीक, खाली आलं तर धावाधाव.

एका घरातली अक्का मात्र आठ महिन्यांच्या नातीला माझ्या काट्यात घालू देईना. "तोलाले ती काय कपाशी शे का?" म्हणाली. तिच्या हिशेबी जे तोललं ते विकायचं. पोर तर नुसती काडी. मी तापट बाई, नको नको ते बोलले. अक्काने चहा पाजून मला वाटेला लावलं.

पुढच्या खेपेला मी शहाणी होऊन गेले. म्हटलं, "अक्का, नातीची गुळाने तुला करा देवीसाठी." नवसाला नाही कोण म्हणणार? घरचा तराजू निघाला. एका पारड्यात नात, दुसऱ्यात गूळ. मग तोच गूळ मी माझ्या काट्याला टांगला आणि आकडा लिहून घेतला.

"गूळ तोल ना माय, त्याले कोन नही म्हनस?" अक्का म्हणाली.

पोर वर्षाची झाली की गूळ देवीला, तोवर दर महिन्याला तुला आणि पोर वाढेल तशी गुळात भर, असं ठरलं. मुंग्या लागू नयेत म्हणून गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला. त्या डब्याची बडदास्त माझ्यापेक्षा बरी होती.

पावसाळ्यात पोरीला हगवण लागली. अक्काने जुन्या रीतीने तिचं पाणी बंद केलं आणि मला कळवलंही नाही. तुलेच्या दिवशी गेले तर पोर मलूल, डोळे खोल गेलेले. मी तोंड उघडणार, तोवर अक्काने तिला पारड्यात ठेवलं होतं. गुळाचं पारडं खाली गेलं. अक्काने एक खडा काढला. पारडं खालीच. दुसरा काढला, तिसरा काढला, तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

चिकट हातातल्या त्या तीन खड्यांकडे ती बघत राहिली.

"इतली गई?" म्हणाली. मग खडे पदराला बांधून उठली. "चाल वं बाई, दवाखानामा."

एसटीत मी मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत होते. अक्का एकदाही नको म्हणाली नाही.

पुढच्या महिन्यात तिने पदराची गाठ सोडून तिन्ही खडे परत पारड्यात घातले. तरी पोरीचं पारडं खालीच. मला रडू फुटलं.

अक्का सुनेवर खेकसली, "उभी काय ऱ्हायनी? गूळ आन!"