निळ्या खडूची फुली

कामतघरला लूमवर विणलेल्या कापडाचे ताके तपासणाऱ्या काकांचं घरकर्ज मंगळवारी मंजूर झालं. महिन्यापूर्वी बँकेने ते नाकारलं होतं. त्यांच्या क्रेडिट रिपोर्टवर मोटारसायकलचं थकलेलं कर्ज होतं. काकांना सायकलही येत नाही.

"काका, मशीन चुकत नाही," अधिकारी म्हणाला.

"लूम पन मशीनच हाय, साहेब. रोज चुका मीच काढतो."

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बोलतानाही त्यांचा तळवा ताक्यावर फिरावा तसा काउंटरवर फिरत असतो. तसाच तो छापील रिपोर्टवर ओळीओळीने फिरला. त्या कर्जाखाली नाव त्यांचं होतं, जन्मतारीख दुसऱ्याची. विणीतल्या चुकीवर मारतात तशी काकांनी त्यावर निळ्या खडूने फुली मारली आणि माझ्याकडून तक्रार भरून घेतली. ती नोंद रिपोर्टवरून निघाली.

मंजुरीचं पत्रही त्यांनी तसंच तपासलं. खडू खिशातच राहिला.